हुंकार

वक्ता थांबला, कारण काच थांबली होती. आणि काच थांबली होती, कारण सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच काचवाल्याने भाषण ऐकलं होतं.

काचवाला हे काही त्याचं नाव नव्हे, पण सभागृहातले दिवेवाले, माईकवाले, खुर्च्या लावणारे सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. व्यासपीठावर माईकच्या दोन्ही बाजूंना बारीक दांड्यांवर दोन तिरप्या काचा उभ्या असतात ना, ते त्याचं राज्य. समोरच्यांना त्या नुसत्या काचा दिसतात, त्यांच्या आरपार वक्त्याचा चेहरा दिसतो. वक्त्याला मात्र त्यांच्यावर त्याचं भाषण दिसतं, मोठ्या अक्षरांत, एकेक ओळ वर सरकणारं. लोकांना वाटतं, काय माणूस आहे, तासभर कागदाशिवाय बोलतोय! त्या ओळी सरकवणारा पडद्यामागे स्टुलावर बसलेला असतो, कानांवर हेडफोन आणि उजव्या अंगठ्याखाली एक चक्री. वक्ता जलद बोलला की चक्री जलद, रेंगाळला की हळू, खोकला की थांबायचं, पाणी प्यायला तरी थांबायचं. ज्या म्हाताऱ्याने त्याला हे काम शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘‘वक्त्याच्या मागे चालायचं, पुढे नाही. आणि तो काय बोलतोय ते ऐकायचं नाही बरं का. कसं बोलतोय तेवढंच ऐकायचं. अर्थामध्ये शिरलास की अंगठा चुकलाच म्हणून समज.’’ याने ते इतकं मनावर घेतलं की काही विचारू नका. एखाद्या वक्त्याला दमा आहे, एखाद्याचं सकाळी घरी वाजलंय, एखाद्याला आपण वाचतोय ते स्वतःलाच पटत नाहीये, हे सगळं त्याला नुसत्या श्वासावरून कळायचं. भाषण कशावर होतं असं कुणी विचारलं तर मात्र डोकं खाजवायचा.

आज कंपनीचे अध्यक्ष बोलत होते. वर्षातून एकदा सगळ्या नोकरांना समोर बसवून बोलायचे. बोलणं चांगलं, सरळ रस्त्यासारखं, चक्रीला काही त्रास नाही. विसावं मिनिट असेल. अध्यक्ष म्हणाले, ‘‘मी काय म्हणतोय ते तुमच्यापर्यंत पोचतंय ना?’’ आणि अंगठा जागच्या जागी राहिला. काचेवर पुढची ओळ आलीच नाही. अध्यक्षांची नजर काचेवर तशीच. एक, दोन, तीन सेकंद. मोबाइलमध्ये खुपसलेली डोकी वर आली. पाच, सहा. शेवटी माईकवाल्याने त्याच्या पाठीत बोट खुपसलं, तेव्हा कुठे चक्री फिरली आणि भाषण पुढे निघालं. अंगठा घामाने ओला झाला होता. कारण हेच शब्द, या शब्दाचा तो शब्द न बदलता, सतरा दिवसांपूर्वी त्याच्या बायकोने त्याला विचारले होते. संध्याकाळी सात वाजता, जेवणाच्या टेबलाशी. ‘‘मी काय म्हणतेय ते तुमच्यापर्यंत पोचतंय ना?’’ आणि तो म्हणाला होता, ‘‘हं.’’

पोचलं काय होतं, ते मात्र देवालाच ठाऊक.

ती त्या संध्याकाळी चाळीस मिनिटं बोलली होती. चाळीस म्हणजे चाळीस, त्यात चूक नाही, वेळ त्याला घड्याळाशिवाय कळते. बोलायला बसण्याआधी तिने टेबल पुसलं होतं, दोन ग्लास पाणी ठेवलं होतं आणि हात पदराला पुसून समोरच्या खुर्चीवर बसली होती. शेजारची नाही, समोरची. सुरुवात हळू केली. पाचव्या-सहाव्या मिनिटाला वेग आला, मग एकदम थांबली, पाणी प्यायली. मग बराच वेळ एका लयीत. मध्ये एकदा आवाज चिरकला, तो तिने खाकरून सावरला. शेवटची पाच मिनिटं अगदी सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. हे सगळं त्याला स्वच्छ आठवत होतं. टेबलाखाली त्याचा अंगठा तिच्याबरोबर हलत होता, हेही आठवत होतं. ती थांबली की थांबत होता, निघाली की निघत होता. आणि वर त्याचा चेहरा काय विचारता! तोंडावर सगळा जीव गोळा केलेला, नजर तिच्यावर, मान बरोबर जिथे हलायला हवी तिथे हललेली. शब्द मात्र एकही नाही. त्या चाळीस मिनिटांतलं शेवटचं ते एक वाक्य, आणि आपलं ‘हं’. त्यानंतरही तिने काहीतरी एक छोटंसं विचारलं होतं, त्यालाही आपण ‘हं’ म्हणालो, एवढं पुसट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात बॅग घेऊन उभी. ‘‘निघते मी. ताईकडे. काल सांगितलंय ना सगळं.’’

‘‘हो हो,’’ तो म्हणाला, ‘‘नीट जा.’’

त्याच वेळी विचारायला हवं होतं, हे कळायला काही पंडित असावं लागत नाही. पण विचारणार कसं? बाई बॅग घेऊन दारात उभी, डोळे सुजलेले पण चेहरा असा मोकळा की बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, आणि हा म्हणणार, काय गं, काल काय म्हणालीस तू? जिभेवर आलं होतं, ते गिळलं. संध्याकाळी फोनवर विचारू म्हणाला. संध्याकाळी वाटलं, उद्या. एक दिवस गेला की ते विचारणं दुप्पट अवघड व्हायचं, आणि असे सतरा दिवस गेले होते. रोज फोन व्हायचा, नाही असं नाही. हा आपला अंधारात काठी फिरवल्यासारखा बोलायचा.

‘‘मग? तुझं ते... कसं काय?’’

‘‘कुठलं?’’

‘‘तेच गं. जे बोललीस.’’

‘‘चाललंय. तुम्ही जेवलात?’’

‘‘जेवलो.’’

संपलं. फोन ठेवल्यावर तो घरभर फिरायचा. काही दुखणं तर निघालं नसेल तिला, म्हणून औषधांचा खण उपसून झाला, तिथे खोकल्याची बाटली आणि त्याच्याच गुडघ्याचं मलम. तिच्या कपाटात पाहिलं, हिवाळ्याचे कपडेही नेले होते. ते पाहून पलंगावर मटकन बसला. हिवाळ्याला अजून पाच महिने होते. लेकीला फोन केला. ती लग्न होऊन दूरच्या शहरात, आपल्या व्यापात. आडून आडून विचारलं, तर म्हणाली, ‘‘बाबा, आईने तुम्हाला सगळं सांगितलंय. तुम्ही ऐकून घेतलंत, तेच फार झालं. आता तुमच्या दोघांच्या मध्ये मी पडणार नाही.’’ शेजारीण जिन्यात भेटली की विचारायची, वहिनी कधी येणार, आणि हा म्हणायचा, यायच्या आहेत. त्या घरात आता इतकी शांतता होती की नळ टपकला तरी तो दचकायचा. दोन माणसांच्या घरातलं एक माणूस जातं तेव्हा अर्धी शांतता वाढायला हवी, नाही का? तसं होत नाही. सगळीच्या सगळी अंगावर येते. तिने कधीच फार आवाज केला नव्हता, आणि तरी तो रात्री कूस बदलून बघायचा की आज एवढं गप्प गप्प का आहे.

आणि काल तिने फोनवर सांगितलं होतं, ‘‘रविवारी इकडे या. तुमचं उत्तर मला समोर बसून हवंय. फोनवर नको.’’

म्हणजे उत्तर द्यायचं होतं. प्रश्न माहीत नाही, आणि उत्तर रविवारी. परीक्षेला बसलेल्या पोराला निदान प्रश्नपत्रिका तरी मिळते.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या, आणि नेहमीपेक्षा लांब झाल्या. अध्यक्ष पडद्यामागे आले, ते फुलून. काचवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘काय थांबवलंत हो मला! अख्खं सभागृह टाचणी पडली तरी ऐकू येईल असं झालं. पुढच्या वेळी पण असंच.’’ हा म्हणाला, ‘‘हो साहेब.’’ अध्यक्ष गेल्यावर त्यांची भाषणं लिहिणारी मुलगी तिथेच राहिली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, लेकीएवढी, त्याला काका म्हणायची. ती फसणारी नव्हती.

‘‘काका, ते थांबणं मी लिहिलं नव्हतं.’’

‘‘चुकलं माझं.’’

‘‘तुमचं? तुमचं चुकतं होय! काय झालं?’’

तो काचा पुसत होता. मऊ फडक्याने, वरून खाली, नेहमीसारखा. मग पुसता पुसताच म्हणाला, ‘‘समज, कुणी आपल्याला काहीतरी सांगितलं. महत्त्वाचं. आणि आपण ऐकलंच नाही. तर काय करायचं?’’

‘‘विचारायचं की. पुन्हा सांग म्हणायचं. त्यात काय?’’

‘‘सतरा दिवसांनी?’’

‘‘अगंबाई!’’ ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, ‘‘काका, मी लिहिते तेव्हा समोर एक माणूस धरून लिहिते. तो ऐकतोय असं समजून. ऐकत नसेल तर मला कळतच नाही हो, मी आपली लिहीत राहते. पण नंतर कळलं ना की तो ऐकत नव्हता, तर फार वाईट वाटतं. तरी सांगा तुम्ही त्यांना. खरं सांगून टाका.’’ आपण बायकोचं नाव काढलं नव्हतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

खरं सांगायचं. ठरलं. शनिवारी सुट्टी होती, पण तो सभागृहात गेला. पहारेकरी ओळखीचा, त्याने आत सोडलं. काचा लावल्या आणि संगणकावर टाइप करायला बसला. आपल्या मनातलं नीट मांडायचं तर आधी ते समोर दिसायला हवं, एवढंच त्याला माहीत. पहिलं वाक्य लिहिलं, ‘आज या प्रसंगी मला आपल्यासमोर’, आणि स्वतःशीच शिवी हासडून खोडलं. दुसरं लिहिलं, ‘सर्वप्रथम मी दिलगिरी’. तेही खोडलं. मेलं, सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं या हातावरून गेली, आणि आपलं एक साधं वाक्य निघेना! तासाभराने कुठे काहीतरी झालं. चक्री सोडून तो व्यासपीठावर जाऊन उभा राहिला, आणि त्याला कळलं की आता ओळी पुढे सरकवायला कुणी नाही. काचेवर पहिल्या तीनच ओळी होत्या. ‘त्या दिवशी तू बोललीस ते मी ऐकलं नाही. एक शब्दही नाही. पुन्हा सांगशील का?’ त्याने त्या मोठ्यांदा वाचल्या. समोर आठशे रिकाम्या खुर्च्या. आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा त्याला आपलाच आवाज ओळखू आला नाही, एवढा तो बारीक होता. तो पुन्हा वाचत राहिला. दहा-बारा वेळा वाचल्यावर आवाज जरा माणसासारखा वाटायला लागला. पुढच्या ओळींची गरजच नव्हती. त्याने त्या पुसून टाकल्या.

रविवारी बसमध्ये तीन तास तो तीच तीन वाक्यं घोकत होता. शेजारच्या बाईला वाटलं देवाचं नाव घेतोय, तिने आदराने जरा सरकून जागा दिली.

दार मेव्हणीने उघडलं. बायकोपेक्षा आठ वर्षांनी मोठी, नवरा गेल्यावर शिवणाचं दुकान काढून एकटीने उभी राहिलेली, तोंडाने फटकळ. आजवर त्याच्याशी कधी दोन गोड शब्द बोलली नव्हती. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि तिथेच, दारात, म्हणाली, ‘‘तुम्हाला एक सांगायचंय. मी तिला म्हणत होते, बाई गं, तो आरडाओरडा करील, हात धरून बसवील, चार माणसं गोळा करील. तशी तयारीही केली होती मी. आणि ही येऊन सांगते, ताई, चाळीस मिनिटं एक शब्द मध्ये बोलले नाहीत. सगळं ऐकून घेतलं. माझं चुकलं हो तुमच्या बाबतीत. असा माणूस शोधून सापडायचा नाही.’’ तिचे डोळे भरले होते. घोकलेली तीन वाक्यं तोंडात तशीच राहिली.

बायको आतल्या खोलीत लांब टेबलावर कापड बेतत होती. गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडूचा तुकडा. त्याला पाहून हसली, ‘‘आलात?’’ म्हणाली, आणि कात्री चालवत राहिली, कारण कापड अर्ध्यात सोडलं तर सरकतं. तो स्टुलावर बसून तिचे हात बघत राहिला. ही इतक्या झपझप कधी हात चालवते? घरी तर ताटही हळूच ठेवायची, त्याला आवाज सहन होत नाही म्हणून. तिचं अंग भरलं होतं. केस नव्याने कापलेले, मानेवर टेकलेले. तिने कापड घडी करून ठेवलं, खुर्ची ओढली आणि समोर बसली.

‘‘अहो, आधी मला बोलू द्या. मग तुम्ही.’’

‘‘बोल.’’

या वेळी अंगठा मुठीत धरून ठेवला होता. जिवाचा कान करून ऐकत होता.

‘‘त्या दिवशी शेवटी मी विचारलं, मग मी निघू ना? तुम्ही हं म्हणालात. पण माणूस धक्क्यातही हं म्हणतो. म्हणून मी इतके दिवस थांबले, तुम्हाला विचार करू दिला. आता नीट सांगा. मी इथेच राहिले, कायमची, तर तुम्ही मनापासून हो म्हणताय ना?’’ ती थांबली. ‘‘मला राग नाही हो तुमचा. ते सगळं त्या दिवशी बोलून झालं. तुम्ही मारलं नाहीत, टाकून बोलला नाहीत, काही नाही. पण तिथे मी सांगायचे ते कुठे पडतच नव्हतं. अकरा वर्षं मी ते मनात जुळवत होते, काय बोलायचं, कसं बोलायचं. वाटायचं, हे भिंतीशी बोलणं होणार. आणि तुम्ही ऐकलंत! मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीचं सांगितलं ना, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला समजलं. त्या एका मानेच्या बळावर मी उठले. ते झालं नसतं तर मी तिथेच राहिले असते, आणि आतल्या आत वाळत गेले असते.’’

बाहेर मेव्हणीचं शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

‘‘काही कळलं नसेल तर आत्ता सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘एक शब्दही. मी तुमच्याबरोबर घरी येईन आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन. लागतील तेवढे दिवस राहीन. अर्धवट सांगून निघून गेले असं मला व्हायला नकोय.’’

घ्या! दार सताड उघडं. त्याने नुसतं खरं बोलायचं होतं, आणि ती बॅग भरून आजच्याच बसने त्याच्या शेजारी बसली असती. घरात दोन ग्लास आले असते, कपाटात हिवाळ्याचे कपडे परत आले असते. पहिलं वाक्य तर तोंडातच होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हसतच होती, पण दोन्ही हातांनी मोजपट्टी इतकी घट्ट ओढून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तिला पुन्हा सांगायचं नव्हतं. ती सांगणार होती, शब्द दिला म्हणून, पण ते सांगण्याची तिला किती भीती वाटत होती, हे त्याला दिसलं. आणि समजा तो खरं बोलला, तर तिच्या आयुष्यात जे एकदाच कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं होतं, तेही झालं नव्हतं असं होणार होतं. ती त्याला हवी होती. इतकी हवी होती, हे त्याला पंचावन्नाव्या वर्षी, परक्याच्या स्टुलावर बसून कळत होतं.

‘‘सगळं कळलं मला,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच दिवशी कळलं. तू इथेच राहा.’’

‘‘मनापासून?’’

‘‘मनापासून.’’

तिने मोजपट्टी सोडली. मग उठून आली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लेक लहान असताना तिच्या डोक्यावरून फिरवायची, तसा. ‘‘तुमच्याशी बोलणं किती सोपं होतं हो,’’ ती म्हणाली. ‘‘मी उगाच इतकी वर्षं घाबरले.’’

जेवायला थांबा म्हणून मेव्हणीने फार आग्रह केला. बसची वेळ झालीय असं सांगून तो निघाला. बसला अजून दीड तास होता, तो त्याने थांब्यावर उभ्याने काढला.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. चपला काढल्या, दिवा न लावता सरळ स्वयंपाकघरात गेला आणि खिडकीशी उभा राहिला. एकवीस वर्षं या घरात राहून त्या खिडकीतून त्याने कधी बाहेर पाहिलं नव्हतं. समोर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावरून उतरलेला पाण्याचा नळ, नळाच्या वळणावर कसलीशी वाळलेली काडी. खाली बोळ. वर मान वाकडी केली तर आकाशाची एक पट्टी. एवढंच. त्याने कडी काढून पाहिली, झडप उघडून मिटून पाहिली. ती भांडी घासायला जिथे उभी राहायची, तिथे उभं राहून पाहिलं. ती उंचीने कमी, म्हणून गुडघे वाकवून पाहिलं. भिंत, नळ, काडी.

‘‘काय होतं गं या खिडकीचं?’’ त्याने मोठ्यांदा विचारलं.

आणि कुणी सांगणारं नव्हतं, तरी तो वाकलेल्या गुडघ्यांनी तसाच ऐकत उभा राहिला.